वडील शेजारी उभे होते

“हे मी बोललेच नाही,” ती बाई म्हणाली, तेव्हा त्याची बोटं अजून कळफलकावर होती आणि पुढच्या ओळीची वाट बघत होती. असं यापूर्वी कोणी म्हटलं नव्हतं असं नाही. सव्वीस वर्षांत पुष्कळांनी म्हटलं होतं. कोणाची तारीख चुकायची, कोणाच्या सासूचं नाव, कोणाचा थोरला आणि धाकटा यांची अदलाबदल व्हायची. असल्या दुरुस्तीला दोन मिनिटं पुरत. पण या बाईने चष्मा कपाळावर चढवला, छापलेला कागद डोळ्यांपासून वीतभर लांब धरला आणि एका शब्दाखाली नखाने रेघ ओढली. “इथे ‘उपस्थितीत’ म्हटलंय. मी ‘शेजारी’ म्हटलं होतं. वडील शेजारी उभे होते. उपस्थितीत काय, तीनशे माणसं होती.” टेबलापलीकडचे फादर सकाळपासूनची तिसरी साक्ष घेत होते, त्यांचा गुडघा ठणकत होता, आणि ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “अर्थ तोच होतो, बाई.” “तुम्हाला होत असेल,” ती म्हणाली. उद्धटपणे नव्हे, दुकानदाराला ‘हा रंग नव्हता दाखवलात’ म्हणावं तसं. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तिची दोनची पाळी होती, आणि “बरं, असू दे, तुम्ही शिकलेली माणसं” असं म्हणून तिने प्रत्येक पानावर सही केली. सही करताना ती जीभ किंचित बाहेर काढत होती. दारापर्यंत गेली, थांबली, आणि फादरांकडे नव्हे, त्याच्याकडे वळून म्हणाली, “तुम्ही तर ऐकलंत ना, मी काय बोलले ते?” त्याने मान हलवली. हो. ऐकलं होतं. दार लागलं.

हे मान हलवणं त्याच्या कामात बसत नव्हतं. तो चर्चच्या न्यायालयाचा नोंदकार होता. न्यायालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, लांब टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर क्रूस, टेबलावर कागदी रुमालांचं खोकं, ते दर आठवड्याला नवं लागे. लग्न मोडून द्यायचं काम इथे होत नसे. लग्न एकदा झालं की झालं, ते माणसाने सोडवायचं नाही, ही इथली पहिली वीट. इथे फक्त एवढंच तपासलं जाई, की जे झालं ते मुळात लग्न होतं का. ‘हो’ म्हणणाऱ्याने ते मनाने म्हटलं होतं, की त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. फादर विचारत, माणूस बोले, फादर त्याच्या बोलण्याचं सार एका वाक्यात सांगत, आणि हा टाइप करी. शेवटी वाचून दाखवायचं, सह्या घ्यायच्या, आणि खाली स्वतः लिहायचं : ‘वरील मजकूर माझ्यासमोर बोलला गेला, तो तसाच आहे.’ त्यावर शिक्का. कार्यालयातल्या शिपायाने त्याचं नाव ‘पूर्णविराम’ ठेवलं होतं, कारण शेवटचं टिंब पडलेलं नाही असा एकही कागद तो खालच्या मजल्यावर जाऊ देत नसे. नाव इतकं रुळलं की फादरसुद्धा त्याच नावाने हाक मारत, आणि तो ‘ओ’ देई.

बाई इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, हात कोपरापर्यंत तांबूस. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं होतं, बाविसाव्या वर्षी ती नवऱ्याच्या घरातून एका पिशवीनिशी बाहेर पडली होती, आणि गेली अकरा वर्षं बस डेपोतल्या एका मेकॅनिकबरोबर राहत होती. त्या अकरा वर्षांत तिला वेदीपाशी जाऊन ख्रिस्तप्रसाद घेता आलेला नव्हता. फादरांनी नियमाप्रमाणे विचारलं होतं, की एका छपराखाली राहूनही भावाबहिणीसारखं राहणं जमेल का, तशी वाट चर्चने ठेवलेली आहे. त्यावर ती म्हणाली होती, “फादर, हा ग्रीस लावून येतो, मी वाफ खाऊन येते. अर्धा आठवडा आम्ही भावाबहिणीसारखेच असतो. उरलेल्या अर्ध्याचं मला खोटं बोलायला सांगू नका.” फादर खाली बघून हसले होते आणि त्यांनी सांगितलं होतं, “लिहा : साक्षीदारास हा पर्याय शक्य वाटत नाही.” तेव्हाही त्याने लिहिलं होतं. सव्वीस वर्षं तो असंच लिहीत आला होता. माणसं ओली येत आणि कागदावर कोरडी होऊन बसत, आणि यात त्याला काही वावगं दिसलं नव्हतं. उलट अभिमानच वाटायचा. रडणं कागदावर टिकत नाही, वाक्य टिकतं.

पण आज शिक्का हातात घेतला आणि हात तिथेच थांबला. ‘तो तसाच आहे.’ तसाच नव्हता. एका शब्दाने नव्हता. त्याने शिक्का परत डबीत ठेवला, कागद खणात टाकला, आणि जेवणाची सुट्टी होती म्हणून डबा घेऊन मागच्या अंगणात गेला. तिथे सायकली लावायच्या लोखंडी कठड्यापाशी एक बाक होतं. डबा उघडला, दोन घास खाल्ले, आणि चावताना त्याला जाणवलं की आपण तो शब्द चावतो आहोत. शेजारी. शेजारी. किती साधा शब्द. घराच्या शेजारी, बाकावर शेजारी, अंथरुणाशेजारी. उपस्थितीत माणूस कुठेही असू शकतो, मांडवाच्या टोकाला, मागच्या रांगेत, डुलक्या घेत. शेजारी असलेल्या माणसाचा श्वास लागतो. त्याच्या दंडाला दुसऱ्याचा दंड लागतो. हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. हा शब्द त्याच्याकडे पूर्वी एकदा आला होता, बेचाळीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हाही त्याने तो गिळून टाकला होता.

तो चार वर्षांचा असताना त्याचे वडील एके सकाळी कामाला म्हणून गेले ते गेलेच. पुढे दुसऱ्या एका शहरातून पत्र आलं, त्यात एक फोटो होता, फोटोत वडील होते आणि एक अनोळखी बाई. आईने पत्र वाचलं, फोटो उलटा करून चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि स्वयंपाक पुरा केला. दोन वर्षांनी तिने सरकारी कचेरीत जाऊन दुसऱ्या एका माणसाशी लग्न केलं. त्यांना तो काकाच म्हणायचा, कारण ‘बाबा’ हे नाव एका जिवंत माणसाने अडवून ठेवलेलं होतं. काका दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असे आणि अंगाला टर्पेंटाइनचा वास. संध्याकाळी ते त्याला पाटीवर अक्षरं काढायला बसवत. “अक्षराच्या पोटात हवा राहिली पाहिजे,” ते म्हणत, “गच्च भरलंस तर लांबून वाचता येत नाही.” त्यांनी त्याच्यावर कधी हात उगारला नाही. आई ताप आल्यासारखी आनंदात असायची त्या वर्षांत, गाणं गुणगुणताना स्वतःच दचकायची.

आणि दर रविवारी ती चर्चला जायची. शेवटून चौथ्या बाकावर, वाटेच्या कडेला. काका बाहेर झाडाखाली थांबत, त्यांना आत करमत नसे. प्रसादाची वेळ झाली की रांगा उठत, आणि आईच्या बाकावरची माणसं बाहेर पडायला लागत. मग आई आपले गुडघे एका बाजूला वळवायची. पाय जवळ घ्यायची, पदराचं टोक मांडीवर दाबून धरायची, आणि एकेक माणूस तिच्या गुडघ्यांसमोरून तिरकं होऊन सरकायचं. बहुतेक जण ‘माफ करा’ म्हणायचे. ती प्रत्येकाला मान हलवून म्हणायची, असू दे. परतताना पुन्हा तेच. त्याने एकदा विचारलं होतं, “आई, तू भिंतीकडे बस ना, म्हणजे कोणी ओलांडणार नाही.” ती म्हणाली, “कडेला बसलं की समोरचं सगळं सरळ दिसतं.” आठव्या वर्षी त्याला प्रसाद मिळायला लागला, आणि मग तोही त्या गुडघ्यांसमोरून जाऊ लागला. परत येऊन शेजारी बसला की ती हळूच विचारायची, “विरघळलं?” तो मान हलवायचा. मग ती त्याच्या गालावर तळवा ठेवायची, थोडा वेळ, ताप बघतात तसा.

अकराव्या वर्षी एका रविवारी त्याने ते विरघळू दिलं नाही. टाळूला चिकटवून ठेवलं, जागेवर आला, खोकल्याचा बहाणा करून तोंडाशी हात नेला आणि ती ओली पातळ चकती हातात काढली. अर्धी करायची होती. ती नीट फाटेना, कडेला लगदा झाला. गाण्यांच्या पुस्तकाआड त्याने तळवा तिच्यापुढे धरला. अर्धं तिचं, अर्धं त्याचं. त्याच्या मते यात काही चूक नव्हती, कारण त्याच्या वाट्याचं तो कोणालाही देऊ शकत होता. आईचा चेहरा तसा झालेला त्याने आधी एकदाच पाहिला होता, तो चेंडूमागे रस्त्यात धावला होता तेव्हा. “गिळ,” ती ओठ न हलवता म्हणाली. “आधी गिळ.” तिने त्याची मूठ मिटवली आणि त्याच्याच तोंडाशी नेली. मग तिने रुमालाने त्याचा तळवा पुसला, एकेक बोट, रुमालाची घडी आत वळवली, आणि घरी गेल्यावर तो रुमाल वेगळ्या वाडग्यात धुऊन ते पाणी कुंडीतल्या रोपाला घातलं, गटारात नाही. या पाण्याचं काय करायचं असतं हे तिला ठाऊक होतं. जिला आत घेत नव्हते तिला आतले सगळे नियम पाठ होते, आणि ते मोडावेत असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. हे त्याला त्या वयात कळलं नाही. त्याला वाटलं, आई रागावली. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्याने पापनिवेदनात ते सांगितलं. तिथले जुने फादर कडक म्हणून प्रसिद्ध होते, मुलं त्यांच्या रांगेत उभी राहायला घाबरत. जाळीपलीकडून त्यांनी विचारलं, “आईने घेतलं?” “नाही.” “का नाही घेतलं?” “नियम आहे म्हणून.” नाक ओढल्याचा आवाज आला, सर्दी असेल. “बरं,” ते म्हणाले. “तुझं प्रायश्चित्त सांगतो. येत्या रविवारी तू वर येऊ नकोस. सगळे उठले तरी उठू नकोस. आईच्या शेजारी बसून राहा. एवढंच.” प्रार्थना नाही, उपास नाही. एवढंच. तो उड्या मारत घरी गेला. रविवार आला. रांगा उठल्या. मागच्या बाकावर त्याच्या वर्गातल्या एका मुलाची आई होती, आणि त्याच्या मनात आलं की ही बघेल, हा का उठला नाही म्हणेल, याने काय केलं असेल, घरी जाऊन सांगेल. कान तापले. आणि तो उठला. आईने गुडघे वळवले. तो तिच्यासमोरून तिरका होऊन सरकला आणि ‘माफ करा’ असं म्हणाला, सगळे म्हणतात तसं, सवयीने, स्वतःच्या आईला.

हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, नंतरच्या एकाही पापनिवेदनात नाही. सांगायला गेलं तर काय सांगणार? मी प्रसाद घेतला? ते पाप कसं होईल? कोणत्याही पुस्तकात ते पाप म्हणून लिहिलेलं नव्हतं, आणि त्याने पुस्तकं पुष्कळ वाचली. या न्यायालयात नोकरी धरली तीही त्या ओढीनेच असावी. कुठेतरी, एखाद्या कलमात, आईला बसवता येईल अशी जागा सापडेल, असं काहीतरी. जागा सापडली, पण उशिरा आणि भलतीच. नोकरीला दोन वर्षं झाली आणि काका गेले, पाटी रंगवतानाच, शिडीवर नव्हे, खाली बसून ब्रश धुताना. तेराव्या की चौदाव्या दिवशी तो आईला म्हणाला, “आई, आता हरकत नाही. तू जाऊ शकतेस प्रसादाला.” “हरकत कोणाची?” आईने विचारलं. “म्हणजे कायद्याने.” ती काकांचे ब्रश वर्तमानपत्रात गुंडाळत होती. “तो होता तोवर मी चुकीची, आणि तो गेला म्हणून मी बरोबर? त्याच्या मरणावर पाय ठेवून वर जाऊ?” तिने दोऱ्याची गाठ मारली. “तुझं पुस्तक बरोबर असेल रे. मी बसते आपली.” आणि ती आणखी सहा वर्षं बसली, त्याच बाकावर, गुडघे वळवत, पुढे पुढे ते वळेनात, तर हाताने वळवत. शेवटी इस्पितळात, बोलणं कमी झालं तेव्हा, तिथले तरुण धर्मगुरू खाटांमधून फिरत आले आणि त्यांनी तिला नुसतं विचारलं, “हवंय?” “हवं होतं,” आई म्हणाली. त्यांनी नखाएवढा तुकडा मोडला, चमच्यात पाणी घेतलं. बाकी काही विचारलं नाही. तो पाण्याचा पेला धरून उभा होता आणि विचारायला हवे होते ते सगळे प्रश्न त्याच्या डोक्यात ओळीने, क्रमांकासहित तयार होते. त्यांचा क्रमही बरोबर होता. त्याची त्याला जी लाज वाटली ती आजही, डब्याचं झाकण लावताना, तशीच वाटली.

वर आल्यावर त्याने खणातून कागद काढले आणि तो फादरांच्या खोलीत गेला. फादर गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते.

“फादर, यावर शिक्का मारता येत नाही.”

“का? शाई संपली?”

“ती ‘शेजारी’ म्हणाली होती.”

फादरांनी पिशवी बाजूला ठेवली. “तेव्हा का नाही बोललात?”

“तुम्ही बोलत होतात.”

“मी तर एकोणीस वर्षं बोलतोय,” फादर म्हणाले. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. “माझा डावा कान गेलेला आहे हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याच्यावर ढकलत नाही. मी ‘शेजारी’च ऐकलं होतं. ‘उपस्थितीत’ सवयीने आला. तोंडात बसलेला शब्द.” त्यांनी कागद घेतला, वाचला, परत दिला. “लोक आपल्याला दगड म्हणतात, पूर्णविराम. म्हणू देत. पण मला सांगा, हा कायदा नसता तर एकोणिसाव्या वर्षी त्या मुलीच्या मनात काय होतं हे विचारायला कोण बसलं असतं? बापाने विचारलं नाही. नवऱ्याने तर नाहीच. पंचवीस वर्षांनी का होईना, आपण विचारतो. मात्र विचारून झालं की ऐकायचंही असतं, ते काही कलमात लिहिलेलं नाही.”

“आहे, फादर. मुद्द्याला धरून असलेले शब्द जसे बोलले तसेच नोंदवावेत, असं आहे.”

फादर त्याच्याकडे बघत राहिले आणि खो खो हसले. “तुम्हाला पाठ असणार, मला माहीत होतं. बरं. बोलवा तिला.”

पण ती येऊ शकत नव्हती. फोनवर तिच्या मागे यंत्रांचा घरघराट होता आणि ती ओरडून बोलत होती, आता परत रजा मागितली तर मुकादमीण मलाच धुऊन काढेल, राहू द्या तो शब्द, एका शब्दाने काय माझं नशीब फिरतंय. त्याने फोनवर हात ठेवून फादरांना सांगितलं. फादर म्हणाले, “मग आपण जाऊ. पाय माझा दुखतोय, कायद्याचा नाही.”

मंगळवारी दुपारी ते गेले. लाँड्री तळघरात होती. जिना उतरतानाच गरम, साबणाचा, थोडा आजाराचा वास आला. भिंतीलगत यंत्रं फिरत होती, त्यांच्या गोल काचांमागे पांढरं काहीतरी आपटत होतं. चादरींनी भरलेल्या चाकांच्या टोपल्या, छतावरून थेंब, आणि मधोमध इस्त्रीचं लांब टेबल. तिची जेवणाची अर्धी सुट्टी होती. तिने एक टोपली पालथी घालून फादरांना बसायला दिली, वर घडीची चादर टाकली. “स्वच्छ आहे,” ती म्हणाली. त्याने टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवला. टाइप करायचं यंत्र नव्हतं, हाताने लिहायचं होतं. तिने शपथेसाठी पुस्तकावर हात ठेवला. बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली होती.

फादरांनी विचारलं, “वडील कुठे उभे होते?”

“शेजारी. उजव्या बाजूला.”

“का? वडील तर मुलीला सोडून मागे जातात.”

“माझे गेले नाहीत.” तिने आपल्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दोन बोटं टेकवली. “इथे धरलं होतं. दुखेल असं नाही. नुसतं धरलं होतं.”

“त्यांनी तुम्हाला मारलं होतं का? धमकावलं होतं?”

“ते तुम्ही मागेही विचारलंत. नाही. मला नाही.”

फादर पुढचा प्रश्न विचारणार होते. त्यांचं तोंड उघडलेलं होतं, त्याने ते पाहिलं. मग त्यांनी ते मिटलं आणि उजवा कान तिच्याकडे केला. “तुम्हाला नाही,” ते म्हणाले. “मग?”

एक यंत्र थांबलं, आणि खोलीत एकदम जागा झाल्यासारखं वाटलं. “मी आदल्या दिवशी म्हटलं होतं, मला नाही करायचं. तो माणूस दारू पिऊन कुत्र्याला लाथ मारताना मी बघितला होता. वडील ओरडले नाहीत. ते म्हणाले, ठीक आहे, मग धाकटीला उभी करतो. ड्रेस तिलाही बसेल.” तिने नाकावरचा घाम मनगटाने पुसला. “धाकटी पंधराची होती. लहान अंगाची. पण ड्रेस बसला असता, थोडा आत घेतला तर. मी रात्रभर तेच बघत होते, कुठे कुठे आत घ्यावा लागेल.”

तो लिहीत होता. सगळं. ‘लहान अंगाची’ हेसुद्धा, ‘थोडा आत घेतला तर’ हेसुद्धा. अक्षरं काकांनी शिकवलेली येत होती, पोटात हवा असलेली, कारण हात घाई करायला तयार नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी एका मुलीने आपल्या बहिणीच्या मापाने रात्रभर एक ड्रेस मनात उसवला आणि शिवला होता, आणि हे सगळं एका शब्दामागे दबून बसलं होतं. त्याला आतून बरं वाटत नव्हतं, पण गेल्या आठवड्यापेक्षा बरं वाटत होतं.

“हे आधी का नाही सांगितलंत?” फादरांनी अगदी हळू विचारलं.

“तुम्ही धाकटीचं विचारलंच नाहीत. आणि तिला अजून माहीत नाही. तिला वाटतं, मला तो आवडला होता.”

पुढे या प्रकरणाचा निकाल तिच्या बाजूने लागला. ते लग्न लग्न नव्हतं असं तीन न्यायाधीशांनी ठरवलं, आणि मग तिने आणि मेकॅनिकने चर्चमधल्या एका साध्या मिस्सेत, सहा माणसांसमोर, ‘हो’ म्हटलं. पण त्याला अजून आठ महिने अवकाश होता. त्या दुपारी तळघरात यातलं कोणालाच काही ठाऊक नव्हतं. फादरांनी तिला स्वच्छ सांगितलं, “बाई, मी काही वचन देत नाही. माझ्याखेरीज आणखी दोघे आहेत, आणि लग्न खरं होतं अशी बाजू मांडणारेही एक आहेत, ते हुशार आहेत.” “नका देऊ,” ती म्हणाली. “वचन एकदा दिलंय, ते निस्तरतेय.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि निळ्या कामाच्या कपड्यांतला एक मोठा, ओणवा माणूस दारात येऊन थबकला. हातात तिचा डबा होता. फादरांचा पांढरा गळपट्टा बघून त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला, मग पुन्हा पहिल्या. “हा आमचा,” बाई म्हणाली. “डबा विसरले होते. ये, आत ये, खाणार नाहीत ते तुला.” तो आत आला. त्याच्या साक्षीची गरज नव्हती. त्या लग्नाच्या वेळी तो या बाईला ओळखतही नव्हता, कायद्याच्या दृष्टीने तो या कागदात कुठेच नव्हता. पण तो उभाच राहिला, आणि मग एकदम, शाळेतल्या मुलासारखा, म्हणाला, “फादर, एक विचारायचं होतं. मी निघून गेलो तर हिला मिळेल का? म्हणजे प्रसाद. लगेच?”

“गप्प बस,” बाई म्हणाली.

“विचारू दे ग. अकरा वर्षं बघतोय. रविवारी घरी येते आणि तासभर बोलत नाही. मग भांडी घासते. स्वच्छ असलेली पण घासते. मला त्यातलं काही कळत नाही, मी त्या वाटेला फारसा जात नाही. पण माझ्यामुळे अडलं असेल तर मी बाजूला होतो. सांगा तुम्ही.”

“हा असाच आहे,” बाई फादरांना म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. “याचं काही मनावर घेऊ नका.”

फादर टोपलीवरून उठायला लागले. गुडघा साथ देईना, तर मेकॅनिकने पुढे होऊन त्यांना काखेत हात घालून उभं केलं, गाडीचा जड भाग उचलावा तसं, सहज. फादरांच्या बाहीला ग्रीसचा डाग पडला. ते त्याच्या अगदी जवळ उभे होते, त्याच्या छातीएवढे.

“जाल कुठे?” त्यांनी विचारलं.

“डेपोत. तिथे झोपायला बाकडं आहे.”

“किती दिवस?”

“ते तुम्ही सांगाल तसं.”

फादरांनी बाहीवरच्या डागाकडे पाहिलं. एकोणीस वर्षं ज्या माणसाला प्रत्येक प्रश्नावर कलमाचा आकडा आधी आठवायचा, त्याचा चेहरा आता काहीच न आठवणाऱ्या माणसाचा झाला होता. नोंदकाराला उत्तर ठाऊक होतं. या जागेवर बसलेल्या माणसाने या प्रश्नाला काय म्हणायचं असतं, ते त्याने पन्नास वेळा टाइप केलं होतं.

“जाऊ नका,” फादर म्हणाले. “तिच्याजवळ राहा.”

मेकॅनिकने मान हलवली. बाईने त्याच्या हातातून डबा घेतला आणि उघडला नाही, नुसता पोटाशी धरला. कोपऱ्यातलं एक यंत्र पुन्हा सुरू झालं. फादर वळले, टेबलाशी आले, सही करायला त्यांनी पेन मागितलं, आणि मग त्यांना कागदाच्या शेवटच्या दोन ओळी दिसल्या. शाई अजून ओली होती.

“हेही लिहिलंत?”

“हो, फादर.”

“हा प्रश्न साक्षीत नव्हता. उत्तरही नव्हतं. वरच्या कोर्टात हे वाचतील, पूर्णविराम. मला विचारतील.”

“हो,” तो म्हणाला. “काढून टाकू?”

फादरांनी चष्मा सारखा केला आणि त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या, सावकाश, दुसऱ्या कोणाचं तरी अक्षर वाचावं तशा. मग त्यांनी कागद आपल्याकडे ओढला, ग्रीस लागलेली बाही वर सारली, आणि त्या ओळींच्या खाली, शेवटच्या शब्दाला लागून, आपलं पूर्ण नाव लिहिलं.